टाटांचा भाचा, बॅटरसीचा खासदार : शापूरजी सकलातवाला

(पालम येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



वेचणीचे दिवस आहेत, दिवसभर रानात राबून तुम्ही इथं येऊन बसलात, त्याबद्दल आधी आभार. मघाशी दारात दोघातिघांनी विचारलं, 'सर, आज टाटांवर बोलणार का?' त्यांचा तो समज पत्रिकेमुळं झालाय. पत्रिकेवर 'एका पारशी उद्योजकाचं राजकारण' असं छापलंय आणि पारशी उद्योजक म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं. तर आज मी टाटांवर बोलणार नाही. टाटांच्या घरात वाढलेल्या एका माणसावर बोलणार आहे. जमशेटजी टाटांचा सख्खा भाचा, शापूरजी सकलातवाला. टाटांच्या पोलादाच्या कारखान्यासाठी लोखंड शोधत जंगलं तुडवणारा माणूस, आणि तोच पुढं लंडनच्या एका कामगार वस्तीतून कम्युनिस्ट म्हणून ब्रिटिश संसदेत गेला.

हे नाव ऐकलेले किती जण आहेत? ... दोन. बरं. मी पंचवीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण मलाही हे नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात भेटलं नाही. दादाभाई नौरोजी भेटतात. पण ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात स्वातंत्र्याआधी तीन हिंदी माणसं निवडून गेली, तिघंही पारशी होते आणि तिघांचंही मुंबईशी नातं होतं, हे आपण मुलांना सांगत नाही.

पहिले दादाभाई. १८९२ साली लिबरल पक्षाकडून, अगदी बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्यानं. दुसरे मंचरजी भावनगरी, १८९५ मध्ये, कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्षाकडून. हे राज्यनिष्ठ गृहस्थ. त्यांच्या आडनावाची मोडतोड करून 'वाका आणि हो म्हणा' अशा अर्थाची इंग्रजी कोटी त्यांचे विरोधक करायचे. तरी त्यांच्यावर अन्याय नको, दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी त्यांनी संसदेत चिकाटीनं प्रश्न लावून धरले होते. आणि तिसरे सकलातवाला, १९२२ मध्ये. एक लिबरल, एक हुजूर, एक कम्युनिस्ट. एवढासा समाज, पण सगळ्या बाकांवर जाऊन बसला!

आता घर सांगतो, कारण घर कळल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

शापूरजींचा जन्म २८ मार्च १८७४चा, मुंबईचा. वडील दोराबजी सकलातवाला, व्यापारी. आई जेरबाई ही जमशेटजींची बहीण. वडील व्यवसायासाठी इंग्लंडला असायचे आणि मुलं वाढली मामाच्या छायेत, फोर्टातल्या एस्प्लनेड हाऊस या टाटांच्या घरात. शिक्षण सेंट झेवियरमध्ये. ज्या वर्षी हा मुलगा तीन वर्षांचा होत होता, त्या वर्षी, १ जानेवारी १८७७ला, मामानं नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का? तर कापूस तिथं पिकतो, कोळसा जवळ आहे आणि रेल्वे पोचलेली आहे. हा हिशेब आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पुढं आपल्याकडं नांदेडला उस्मानशाही मिल निघाली, तीही कापसाच्याच आधारानं. कापूस रानातून जिनिंगला, जिनिंगमधून गाठी प्रेसमध्ये, गाठी मिलमध्ये, आणि प्रत्येक टप्प्यावर पैसा थोडा थोडा पुढं सरकतो, मागं येत नाही. सकलातवालांचं सगळं राजकारण या एका वाक्यात बसवता येईल, पण तिथपर्यंत जायला त्यांना तीस वर्षं लागली. ती वर्षं आपण बघू.

पहिला धक्का प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला. तो काळ आपल्याला वेगवेगळ्या धड्यांतून तुकड्यातुकड्यानं माहीत असतो. गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनं गेले, लोकांची सेवा करता करता. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई गेल्या, त्याही तशाच. जूनमध्ये चाफेकरांनी रँडला मारलं. त्याच मुंबईत वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करत होता, १० जानेवारी १८९७ला त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. बाविशी-तेविशीतला शापूरजी या हाफकिनच्या हाताखाली स्वयंसेवक म्हणून राबला. लस म्हणजे विष, बाटवायचा डाव, असल्या अफवा होत्या. चाळीत जायचं, लोकांना समजवायचं, एका खोलीत दहा-दहा माणसं कशी राहतात ते डोळ्यांनी बघायचं. तीच माणसं सकाळी मामाच्या आणि मामाच्या मित्रांच्या मिलमध्ये कामाला जायची.

याच काळातली एक गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. हाफकिनला तातडीनं भेटायचं होतं आणि हाफकिन होता गोऱ्यांच्या एका क्लबात. शापूरजी टाटांच्या घरातला, इंग्रजी फर्डं, अंगात सूट. पण पुढच्या दारानं आत सोडलं नाही. मागच्या दारानं या म्हणाले. आता यावर काही जण म्हणतात, बघा, इथंच क्रांतिकारक जन्माला आला. मला ते पटत नाही. अपमान झालेली श्रीमंत माणसं त्या काळात मुंबईत ढिगानं होती, त्यातली बहुतेक स्वतःचा वेगळा क्लब काढून मोकळी झाली. शापूरजींनी तसं केलं नाही एवढंच आपण म्हणू. त्यानंतरही दहाएक वर्षं ते मामाचं काम इमानानं करत होते.

आणि ते काम काय होतं, हे मला सविस्तर सांगायचंय, कारण त्यात आपला चांदा जिल्हा येतो.

जमशेटजींच्या डोक्यात पोलाद होतं. १८८२ साली त्यांनी एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल वाचला होता. चांदा जिल्ह्यात लोहारा नावाचं गाव आहे, तिथं लोखंडाचा डोंगर आहे आणि वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. पण खाणींचे सरकारी नियम असे जाचक की हिंदी माणसानं त्यात पडूच नये. १८९९ मध्ये ते सैल झाले. मग अमेरिकेतून तज्ज्ञ बोलावले. त्यातला चार्ल्स वेल्ड नावाचा भूगर्भतज्ज्ञ, जमशेटजींचा मुलगा दोराबजी आणि भाचा शापूरजी, असे तिघं १९०४ मध्ये चांद्याच्या जंगलात शिरले. बैलगाडीचा प्रवास, वाघाचं जंगल, पाण्याचे हाल. लोहाऱ्याचं लोखंड निघालं उत्तम, पण कारखाना चालेल एवढं नाही, आणि वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना. म्हणजे बावीस वर्षं उराशी धरलेलं स्वप्न तिथंच संपलं.

मग पुढं काय झालं बघा. दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्याला हे कळवायला गेले. साहेबाला वेळ होता म्हणून समोरच्या म्युझियममध्ये सहज शिरले, तिथं भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा. त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण. हीच ती धल्ली-राजहरा. आज भिलाईचा कारखाना ज्या खाणींवर उभा राहिला त्या. टाटांना मात्र तिथं कोळसा आणि पाणी जवळ मिळेना. शेवटी प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञाचं पत्र आलं की मयूरभंज संस्थानात गुरुमहिसानीचा डोंगर बघा. तिथून पुढं साकची, म्हणजे आजचं जमशेदपूर. हा शेवट बघायला जमशेटजी राहिले नाहीत, मे १९०४ मध्येच ते जर्मनीत वारले.

शापूरजींनी या कामात तीनेक वर्षं जंगलात काढली. त्याचं फळ काय मिळालं? हिवताप. कंपनीला लोखंड मिळालं आणि यांना हिवताप. आणि एक गोष्ट डोळ्यांनी बघायला मिळाली. खाण सापडली की आधी तिथला माणूस हलतो. डोंगर ज्यांचा होता ते आदिवासी त्याच डोंगरावर रोजंदारीनं दगड फोडायला येतात. हे नंतर त्यांनी भाषणात किती वेळा सांगितलं याचा हिशेब मी देत नाही, पण ज्या माणसानं खाणीची जागा स्वतः फिरून शोधली, तो पुढं भांडवलाबद्दल बोलतो तेव्हा त्याला पुस्तकातून सांगायची गरज पडत नाही.

१९०५ मध्ये त्यांना इंग्लंडला पाठवलं. कारण तब्येतीचं, आणि मँचेस्टरला टाटांचं ऑफिस होतंच. मामा गेल्यावर कंपनीची सूत्रं दोराबजींकडे आली होती आणि या मामेभाऊ-आतेभावांचं फारसं सख्य नव्हतं, असं शापूरजींच्या मुलीनं लिहिलेल्या चरित्रातून दिसतं. घराघरांत चालतं तेच.

हवापालटासाठी ते डर्बीशायरमध्ये मॅटलॉक या गावी एका आरोग्यगृहात राहिले. तिथं वाढप करणारी एक मुलगी होती, सॅली मार्श. गरीब घरातली, मोठ्या कुटुंबातली. १९०७च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तिच्याशी लग्न केलं. टाटांचा भाचा आणि वाढपीण. पुढं त्यांना पाच मुलं झाली. सॅलीच्या घरामुळं त्यांना आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती माझ्या मते प्लेगपेक्षा, क्लबाच्या मागच्या दारापेक्षा महत्त्वाची. मुंबईत बसून आपल्याला इंग्रज म्हणजे साहेब वाटतो. पण लँकेशायरच्या मिलमध्ये काम करणारा इंग्रजही सकाळी भोंग्याला उठतो, त्याचीही पोरं उपाशी असतात. साहेबाच्या देशात सगळेच साहेब नाहीत.

तेव्हा ते लिबरल पक्षाच्या वर्तुळात होते, लंडनला त्यांच्याच क्लबात राहायचे. दादाभाईंचा पक्ष. थोड्याच दिवसांत मन उडालं. १९०९ मध्ये ते मजुरांच्या इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेले. पहिल्या महायुद्धात हिंदी कामगारांच्या हितासाठी लंडनमध्ये एक संघटना उभी केली. १९१७ला रशियात क्रांती झाली. १९२१ मध्ये ते ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. आणि हे सगळं चालू असताना नोकरी कुठं? टाटांच्या लंडन ऑफिसात.

यावर हसू येतं, मला माहीत आहे. त्यावर मी येतो.

आधी त्यांचा मुद्दा सांगतो, कारण लोक चरित्र सांगतात आणि मुद्दा सोडून देतात. दादाभाईंनी काय सांगितलं होतं? हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडला वाहून जाते, म्हणून हिंदुस्थान गरीब. बरोबर. सकलातवाला म्हणाले, हे अर्धंच झालं. वाहून जाते ती इंग्लंडच्या मजुराकडे जाते का? नाही. स्कॉटलंडमध्ये डंडी नावाचं शहर आहे, तिथं तागाच्या मिल होत्या. कलकत्त्यालाही तागाच्या मिल, आणि त्यांत पैसा पुष्कळसा त्याच स्कॉटिश मालकांचा. कलकत्त्यात मजूर स्वस्त, म्हणून डंडीतल्या बाईची मजुरी दाबायची. डंडीत मंदी, म्हणून कलकत्त्यातल्याला आणखी दाबायचं. तेव्हा डंडीच्या मजुराला स्वतःची मजुरी वाढवायची असेल, तर त्यानं कलकत्त्याच्या मजुरासाठी भांडलं पाहिजे. हे दानधर्म म्हणून सांगत नव्हते ते, व्यवहार म्हणून सांगत होते.

आता हे मी पालममध्ये कशाला समजावून सांगू? दसरा झाला की आपल्याकडून कोयत्याच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देताना काय म्हणतो? 'तुम्हाला परवडत नसंल तर ऱ्हाऊ द्या, पलीकडल्या तालुक्यातली टोळी कमी उचलीत यायला तयार हाय.' आणि पलीकडच्या तालुक्यात हाच मुकादम तुमचं नाव सांगतो. ... हां, बघा, मागं बसलेले हसतायत, म्हणजे कळलं. सकलातवालांनी ब्रिटिश संसदेत उभं राहून जे सांगितलं ते एवढंच होतं. फक्त त्यांची टोळी डंडीची होती आणि पलीकडचा तालुका कलकत्ता, मुंबई होता.

बॅटरसी हा लंडनचा भाग टेम्सच्या दक्षिणेला. रेल्वेचे कारखाने, मेणबत्तीचा मोठा कारखाना, धोबीकामाच्या लाँड्र्या. आयरिश मजूर पुष्कळ. वस्ती गरीब पण विचारानं मोकळी, १९१३ मध्येच जॉन आर्चर नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला त्यांनी तिथला महापौर केलं होतं. हेच आर्चर पुढं सकलातवालांचे निवडणूक प्रतिनिधी झाले. नोव्हेंबर १९२२ मध्ये उत्तर बॅटरसीतून मजूर पक्षाच्या पाठिंब्यानं सकलातवाला निवडून आले. वर्षभरात पुन्हा निवडणूक, त्यात १८६ मतांनी पडले. १९२४ला परत उभे राहिले. आता मजूर पक्षानं वरून हात काढून घेतलेला, म्हणून उघड कम्युनिस्ट म्हणून. ५४२ मतांनी निवडून आले. हिंदुस्थानात त्या वेळी मतदानाचा हक्क मूठभर लोकांना, आपल्या निजामाच्या राज्यात तर तो प्रश्नच नव्हता. म्हणजे लंडनची कपडे धुणारी बाई सकलातवालांना मत देऊ शकत होती आणि ज्यांच्या वतीनं ते बोलत होते त्यांना कुणालाच, कुठंच मत नव्हतं.

संसदेत ते काय करायचे? पहिल्याच महिन्यात आयर्लंडच्या कराराविरुद्ध बोलले, हे खरं स्वातंत्र्य नाही म्हणाले. मतदारसंघात आयरिश, तरी मतांचा हिशेब न करता. बोलणं लांबायचं, तीन-तीन विषय एकत्र व्हायचे. बहुतेक सभासदांचं याबाबत एकमत असावं. पण माणूस म्हणून त्यांचा राग फार थोड्यांना यायचा. १९२५ मध्ये संसद सदस्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी अमेरिकेला जायचं होतं, अमेरिकेनं त्यांचा एकट्याचा व्हिसा रद्द केला.

त्याच वर्षी त्यांनी टाटांची नोकरी सोडली. वीस वर्षं. आता मघाचं हसू. एकीकडं भांडवलशाही उलथवा म्हणायचं आणि एकीकडं देशातल्या सगळ्यात मोठ्या भांडवलदाराचा पगार घ्यायचा. विरोधक हे बोलायचे, साहजिकच आहे. मला विचाराल तर मी यात ढोंग बघत नाही, पण अडचण नक्की बघतो. घरात पाच पोरं होती. पक्षाकडून पोट भरणार नव्हतं. आणि मला वाटतं, त्यांना टाटांच्या घराबद्दल शेवटपर्यंत एक ओढ होती, राग असला तरी. मामाबद्दल तर होतीच. उद्योग उभा राहू नये असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की उद्योग कुणाचा आणि कुणासाठी. आपण आपल्या घरातल्या माणसांशी असंच भांडतो ना, भांडतो आणि सणाला एकाच पंगतीला बसतो.

१ मे १९२६. लंडनच्या हाइड पार्कात सभा. खाण कामगारांसाठी देशभर संप होऊ घातला होता. सकलातवालांनी भाषणात सैनिकांना सांगितलं की संपकऱ्यांवर गोळ्या झाडू नका. तीन दिवसांनी अटक. पुढं शांत राहीन असं लिहून दिलं असतं तर सुटले असते. दिलं नाही. दोन महिने वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात. त्या सार्वत्रिक संपात पहिल्यांदा आत गेलेल्यांपैकी ते एक. खासदार असताना.

आणि मग १९२७. इथं मला थोडं थांबायचंय.

१४ जानेवारी १९२७ला ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले. गेल्यापासून बावीस वर्षं उलटली होती. मुंबई, अहमदाबाद, कलकत्ता, मद्रास, दिल्ली, तीन महिने दौरा. सभांना तुफान गर्दी. दिल्लीत ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनात ते बोलले. मुंबईत त्याच सुमारास मिरजकर, घाटे, जोगळेकर ही तरुण मंडळी कामकरी-शेतकरी पक्ष उभा करत होती, मराठीत 'क्रांती' हे साप्ताहिक काढायच्या तयारीत होती. या मंडळींना ब्रिटिश संसदेतला, टाटांच्या घरातला माणूस येऊन 'तुम्ही बरोबर आहात' म्हणतो, याचं बळ किती असेल ते समजू शकतं.

मार्चमध्ये त्यांनी गांधीजींना जाहीर पत्र लिहिलं. गांधीजी त्या वेळी खादीच्या प्रचारासाठी महाराष्ट्रात फिरत होते, आणि याच दौऱ्यात महिनाअखेरीस ते कोल्हापूर भागात आजारी पडले. पत्राचा मथितार्थ असा : चरख्यानं मजुराला दिवसाकाठी जे चार पैसे मिळतात त्यानं त्याची सुटका होणार नाही. यंत्राशी भांडू नका. शेतकऱ्याला, कामगाराला संघटित करा. अहमदाबादची तुमची मजूर महाजन देशाच्या कामगार चळवळीत आणा. आणि लोक तुम्हाला महात्मा म्हणतात, पाया पडतात, हे थांबवा, त्यानं लोकांची ताठ उभं राहायची सवय जाते. गांधीजींनी 'यंग इंडिया'त उत्तर दिलं. गृहस्थाच्या तळमळीबद्दल, साधेपणाबद्दल आदर दाखवला. पाया पडण्याबद्दल म्हणाले, मलाही आवडत नाही. बाकी मात्र नाही. मालक आणि मजूर यांनी एकमेकांना पूरक व्हावं, मजुरांना राजकारणाच्या डावातलं प्यादं करू नये, आणि खादी हीच खेड्यातल्या माणसाची संघटना आहे, असं त्यांचं मत.

आता कोण बरोबर? चहाच्या टपरीवर हा वाद आजही रंगेल. मी माझं मत सांगतो, तुम्हाला पटेल न पटेल. मजुरीच्या प्रश्नावर सकलातवालांचं म्हणणं जास्त खणखणीत होतं. मालक आणि मजूर पूरक आहेत, हे ऐकायला गोड लागतं, पण उचल ठरवताना मुकादम पूरक नसतो. पण सकलातवालांना दोन गोष्टी दिसल्या नाहीत असं मला वाटतं. एक म्हणजे गाव. मुंबईचा गिरणी कामगार हा लँकेशायरच्या कामगारासारखा नुसता कामगार नव्हता. तो रत्नागिरीचा, साताऱ्याचा शेतकरी होता, त्याचं अर्धं घर गावाकडं होतं. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला, तेव्हा हजारो कामगार गावी गेले आणि गावच्या भाकरीवर संप टिकला. दुसरं म्हणजे जात. त्याच संपात डॉ. आंबेडकरांनी विचारलं की विणकाम खात्यात, जिथं मजुरी जास्त, तिथं अस्पृश्य कामगाराला का घेत नाहीत? धागा तुटला की तोंडानं ओढावा लागतो म्हणून सवर्ण कामगारच त्याला आत येऊ देत नव्हते. डंडी आणि कलकत्त्याचं नातं अचूक ओळखणाऱ्या माणसाला एकाच मिलमधल्या दोन खात्यांतलं अंतर दिसलं नाही. तीन महिन्यांच्या दौऱ्यात ते दिसतही नसावं. हार घालायला येणारी माणसं हे सांगत नाहीत.

लंडनला परत गेल्यावर जुलैमध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ज्यानं सगळेच चक्रावले. आपल्या मुलांचा नवजोत केला. पारशी धर्मात मुलांना सुद्रा-कुस्ती देण्याचा विधी, आपल्याकडच्या मुंजीसारखा. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये, सगळ्यांना बोलावून. कम्युनिस्ट पक्ष संतापला, त्यांची जाहीर कानउघाडणी केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि पक्ष सोडला नाही. यात विसंगती आहे का? आहे. आई इंग्रज असलेल्या मुलांना पारशी समाज आपलं म्हणेल का, हा त्या समाजात तेव्हा कोर्टापर्यंत गेलेला वाद होता. त्यात त्यांनी आपली बाजू करून दाखवली, असंही याकडं बघता येतं.

आणि सरकारनं काय केलं? त्याच वर्षी त्यांची हिंदुस्थानात यायची परवानगी काढून घेतली. खासदार आहे, ब्रिटिश प्रजा आहे, टोरी सरकार. त्या वर्षाअखेर सायमन कमिशनवर संसदेत चर्चा झाली, एकही हिंदी माणूस नसलेलं कमिशन. त्यावर हा एकटा हिंदी खासदार कडाडून बोलला, आणि त्याला स्वतःला त्या देशात जायची बंदी. १९२९ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं, त्यातले कित्येक जण त्यांच्या ओळखीचे. तरी बंदी उठली नाही. त्याच निवडणुकीत बॅटरसीत ते तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यात डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर असे मुंबईचे सगळे पुढारी पकडले. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याशी हात मिळवले ते तुरुंगात, आणि हे लंडनमध्ये त्यांच्या सुटकेसाठी सभा घेत फिरतायत. दुसरं काही हातात राहिलं नव्हतं.

(सभागृहातून एक प्रश्न : त्यांना टाटांनी परत घेतलं नाही का?)

नाही. आणि त्यांनीही मागितलं असेल असं वाटत नाही. गंमत बघा, १९३२ मध्ये दोराबजी टाटा गेले, त्यानंतर टाटा सन्सचे अध्यक्ष झाले नवरोजी सकलातवाला. याच घराण्यातले. म्हणजे एक सकलातवाला मुंबईत टाटांच्या खुर्चीवर, आणि दुसरा लंडनमध्ये पाऊसपाण्यात चौकाचौकात खोक्यावर उभा राहून भाषणं करतोय.

निवडणुका ते नंतरही लढले, पडले. तब्येत ढासळत गेली. १६ जानेवारी १९३६ला लंडनमध्ये वारले, बासष्ट पूर्ण व्हायला दोन महिने होते. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली. फॅसिस्टांशी लढायला इंग्लंडहून जे कामगार, खाणीतली पोरं स्वयंसेवक म्हणून गेली, त्यांच्या पलटणीला सुरुवातीला नाव दिलं होतं 'सकलातवाला बटालियन'. मुंबईच्या पारशाचं नाव सांगत वेल्सचे खाण कामगार माद्रिदजवळ लढायला उभे होते.

त्यांचं दहन लंडनमध्ये झालं. अस्थी ठेवल्या ब्रुकवुड इथं, लंडनजवळच्या मोठ्या दफनभूमीतल्या पारशांच्या भागात. तिथं त्यांच्या आधीपासून एक मोठी कबर आहे, दगडी, कोरीव काम केलेली. ती जमशेटजी टाटांची. दोराबजीही तिथंच आहेत. चांद्याच्या जंगलात लोखंड शोधायला निघालेले दोघे आतेभाऊ-मामेभाऊ, आणि ज्यानं त्यांना पाठवलं तो, तिघंही एकाच आवारात.

घड्याळ बघतोय मी, साडेआठ झालेत. लोह्याकडं जाणारी शेवटची गाडी ज्यांना पकडायची आहे त्यांनी निघावं. बाकीच्यांचे प्रश्न घेऊ या.